दोन इंचांचा हिशेब

जुलैतल्या एका रविवारी आम्ही चार गाड्या घेऊन मुळशीच्या मागच्या डोंगरात गेलो होतो. ओढा ओलांडून पलीकडच्या पठारावर चढायचं होतं. ट्रॅक्टरच्या येण्याजाण्यानं वाटेला खोल चाकोऱ्या पडलेल्या, आणि दोन चाकोऱ्यांच्या मधोमध एक काळा धोंडा वर आलेला. सगळ्यात पुढे माझ्या मित्राची गाडी होती. महिन्यापूर्वीच त्यानं ती दोन इंच उचलून घेतली होती, म्हणून पुढे जाण्याचा मानही त्याचाच. पुढची चाकं धोंड्याच्या दोन्ही बाजूंनी निघून गेली आणि गाडी एकदम थांबली. मी चिखलात आडवा झालो आणि टॉर्च मारून खाली पाहिलं. गाडीचं पोट धोंड्यापासून चांगलं वीतभर वर होतं. पण मागच्या ॲक्सलच्या मध्यभागी असलेला डिफरन्शियलचा लोखंडी गोळा धोंड्यावर बसला होता. चाकं चाकोरीत लटकत होती.

तासाभरानं ती गाडी ओढून काढली. मागची गाडी कंपनीतून आली तशीच होती. तिच्या चालकानं खाली उतरून वाट पाहिली, उजवं चाक थेट त्या धोंड्यावर चढवलं आणि तो सावकाश पलीकडे गेला.

गाडी उचलून घ्यावी का, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. थार घेतलेली मुलं विचारतात, जिम्नी घेतलेली जोडपी विचारतात. उत्तर देण्याआधी मी त्यांना त्या ओढ्याची गोष्ट सांगतो, कारण बहुतेकांचा गैरसमज तिथेच असतो. गाडीची उंची एक नसते.

जमीन आणि गाडी यांच्यामधलं अंतर किमान चार ठिकाणी वेगवेगळं मोजावं लागतं: ॲक्सलखाली, पोटाखाली, नाकाखाली आणि शेपटाखाली. लिफ्ट म्हणजे स्प्रिंग लांब करणं किंवा स्प्रिंगवर ठोकळा बसवणं. स्प्रिंग ॲक्सल आणि चासी यांच्या मध्ये असते. ती लांब केली की चासी वर जाते. ॲक्सल जागच्या जागी राहतो. अखंड ॲक्सल असलेल्या गाडीत डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून किती उंच राहणार हे फक्त टायर ठरवतो. टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला तर ॲक्सल एक इंच वर येतो, कारण जमिनीपासून ॲक्सलपर्यंतचं अंतर म्हणजे टायरची त्रिज्या. ओढ्यात आडवा आला तो हाच गोळा. लिफ्टवर खर्च केलेल्या पैशांनी तो एक मिलीमीटरही हलला नव्हता.

२०२० साली आलेल्या थारमध्ये ही गोष्ट अर्धी बदलते. तिची पुढची चाकं स्वतंत्र विशबोनवर आहेत आणि पुढचा डिफरन्शियल चासीला टांगलेला आहे. त्यामुळे लिफ्ट केला की पुढचा गोळा वर जातो, मागचा अखंड ॲक्सल मात्र तिथेच राहतो. जिम्नीला दोन्हीकडे अखंड ॲक्सल, तेव्हा तिथे दोन्ही गोळे जागच्या जागी.

मग लिफ्टनं मिळतं काय? कोन मिळतात. चढाला भिडताना नाक टेकण्याआधी किती तीव्र चढ घेता येईल, उतरून सपाटीला लागताना शेपूट कधी घासेल, आणि उंचवट्याच्या माथ्यावर पोट कधी टेकेल, हे तिन्ही कोन चासी वर गेल्यानं वाढतात. थारचा पुढचा कोन ४१.८ अंश, मागचा ३६.८ आणि माथ्यावरचा २७ अंश आहे, आणि जमिनीपासूनची मोकळी जागा २२६ मिलीमीटर. पन्नास मिलीमीटर उचलल्यावर माथ्यावरच्या कोनात ढोबळमानानं चार-पाच अंशांची भर पडते. ही भर खरी आहे. बांध ओलांडताना, दरड कोसळलेल्या वाटेवरचा ढिगारा पार करताना तिचा उपयोग होतो. पण हा कोन चाकांमधल्या अंतरावरही तितकाच अवलंबून असतो. पाच दारांच्या थार रॉक्समध्ये चाकांमधलं अंतर २४५० वरून २८५० मिलीमीटरवर गेलं आणि माथ्यावरचा कोन २३.९ अंशांवर आला. म्हणजे मुळात आखूड गाडी निवडली की लिफ्टनं जे विकत घ्यायचं त्यातलं बरंचसं आधीच हातात पडतं.

एक जुना आकडा इथे आठवतो. दुसऱ्या महायुद्धात ज्या विलिस जीपनं वाळवंट, चिखल आणि बर्फ तुडवला, तिच्याखाली जेमतेम पावणेनऊ इंच, म्हणजे २२० मिलीमीटरच्या आसपास जागा होती. आजच्या थारच्या बरोबरीचीच. ती जीप वाटा काढत गेली ती उंचीमुळे नव्हे. वजन अकराशे किलोच्या घरात, चाकांमधलं अंतर आखूड, टायर अरुंद आणि पुढे-मागे लटकणारं काही नाही, हे तिचं बळ होतं. आपल्याकडच्या महिंद्राच्या जीपगाड्यांचा वंश तिच्यापासूनच सुरू झाला.

आता किंमत पाहू. पैशांची नव्हे, तोलाची.

गाडी कलंडणार कधी, याचा साधा हिशेब दोन मापांत बसतो: डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि गुरुत्वमध्याची उंची. अंतराच्या निम्म्याला उंचीनं भागायचं. अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था गाड्यांच्या उलटण्याचा धोका जोखताना हेच गुणोत्तर आधाराला घेते. समजा, चाकांमध्ये १५० सेंटिमीटर अंतर आहे आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर आहे. गुणोत्तर येतं १.०७. गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटर वर गेला की ते येतं बरोबर १. कागदावर फरक किरकोळ दिसतो. पण साध्या मोटारींचं गुणोत्तर १.३ ते १.४ च्या घरात असतं. उंच गाडी मुळातच कड्याच्या जवळ उभी असते आणि आपण तिला आणखी एक पाऊल पुढे सरकवतो. त्यात उचललेली गाडी वळणावर जास्त झुकते. झुकली की वजन बाहेरच्या चाकांकडे सरकतं आणि कागदावरचा हिशेबही कमी पडतो. डोंगरातल्या आडव्या उतारावर हे जाणवतं, पण खरा धोका डोंगरात नाही. तो रात्री परतताना द्रुतगती मार्गावर आहे, जेव्हा पुढचा ट्रक अचानक लेन बदलतो आणि आपण सुकाणू झटक्यात फिरवतो.

गाडीतला इलेक्ट्रॉनिक स्थैर्याचा संगणक कंपनीनं तिच्या मूळ उंचीवर आणि मूळ टायरवर बसवलेला असतो. त्याला तुमचे दोन इंच माहीत नसतात.

यापुढचा भाग गाडीखाली झोपून पाहिल्याशिवाय पटत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो उभा सरळ नसतो, वरून मागे कललेला असतो. त्या कलामुळेच हात सोडला तरी हँडल आपोआप सरळ होतं. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही असाच कल दिलेला असतो, त्याला कास्टर म्हणतात. पुढे अखंड ॲक्सल असलेल्या गाडीत तो ॲक्सल लांब दांड्यांनी चासीला जोडलेला असतो. चासी वर गेली की दांड्यांचा उतार वाढतो, ॲक्सल किंचित पुढच्या अंगाला गोल फिरतो आणि कास्टर कमी होतो. मग गाडी सरळ रस्त्यावरही पोहायला लागते. चालक म्हणतो स्टिअरिंग हलकं झालं. खरं तर ते हरवलेलं असतं. ॲक्सल आडवा सरकू नये म्हणून एक तिरपी दांडी असते. लिफ्टनंतर तिचाही कोन बदलतो आणि अख्खा ॲक्सल काही मिलीमीटर एका बाजूला ओढला जातो. ही दांडी आणि तिचे बुश ढिले असतील तर एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाकं अशी थडथडायला लागतात की गाडी जवळपास थांबवल्याशिवाय ती थांबत नाहीत. हा अनुभव ज्यानं घेतला तो विसरत नाही.

पुढची चाकं स्वतंत्र असतील तर दुखणं निराळ्या जागी. चासीला टांगलेला डिफरन्शियल वर गेला, चाक खालीच राहिलं, म्हणजे दोघांना जोडणारा शाफ्ट तिरपा झाला. त्याच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटवर ताण वाढतो आणि रबरी बूट फाटतात. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि चिखल आत. त्यातही स्वस्तातला लिफ्ट बहुधा स्पेसरचा, म्हणजे नुसत्या ठोकळ्याचा असतो. ठोकळा स्प्रिंग दाबून बसवला तर शॉक ॲब्सॉर्बरची लांबी तेवढीच राहते आणि गाडी उभी असतानाच तो बराचसा ताणलेला असतो. पुढे खड्डा आला की चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. चाक हवेत तरंगतं. आडवाटेवर चाकानं जमीन सोडणं म्हणजे ओढ सोडणं; गाडी उंच दिसते आणि अडकते लवकर. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की नुसत्या ठोकळ्याच्या लिफ्टला मी स्पष्ट नको म्हणतो.

सस्पेन्शनचं खरं काम चारही चाकं जमिनीवर ठेवणं. गाडी वर धरणं हे त्याच्या खालचं काम. चांगला लिफ्ट तोच, ज्यात स्प्रिंगबरोबर त्याच मापाचे लांब शॉक ॲब्सॉर्बर येतात, बंप स्टॉप बदलतात, ब्रेकच्या रबरी नळ्या आणि एबीएसच्या तारा पुरेशा लांब केल्या जातात, तिरपी दांडी नव्या मापाची किंवा लांबी जुळवता येणारी मिळते आणि शेवटी कास्टर मोजून सुधारला जातो. यातलं एक जरी गाळलं तरी काम अर्धं. आणि अर्धं काम करून देणारे खूप आहेत.

नाशिक महामार्गावर एका कमान-पाटा वर्क्सवाल्या काकांकडे मी बरीच वर्षं जातो. जुन्या एमएम ५४० जीपपासून टेम्पो-ट्रकपर्यंत सगळ्यांच्या कमानी त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. एकदा एक तरुण जिप्सी घेऊन आला होता. जिप्सीत कमान ॲक्सलच्या खालून जाते. ती ॲक्सलच्या वर घेतली की गाडी झटक्यात चार-पाच इंच वर जाते. त्याला तसंच करून हवं होतं, आणि त्याच दिवशी. काकांनी आधी यू-बोल्ट पाहिले, मग शॅकलमध्ये बोट घालून बुश चाचपला, मग विचारलं, "गाडीत वजन किती टाकणार?" तो म्हणाला, "वजन काही नाही, काका, नुसती उंच पाहिजे." काका म्हणाले, "मग पाटा कशाला चढवायचा? वजन सांगा, पाटा मी सांगतो." एक जुना पाटा उचलून त्यांनी त्याला दाखवला. कुणीतरी आच देऊन वाकवलेला होता. वाकवल्यावर नीट पाणी दिलं नव्हतं, म्हणून सहा महिन्यांत मऊ पडून सपाट झाला होता. कमान चढवली की ॲक्सल स्वतःभोवती पिळतो, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, क्रॉस लवकर जातात, स्टिअरिंगची दांडी तिरपी होते, हे सगळं त्यांनी गाडीखाली बसून एकेका भागावर पान्हा टेकवत सांगितलं. त्या मुलानं त्या दिवशी फक्त बुश आणि शॉकअप बदलून घेतले.

काकांचा प्रश्न मला सगळ्या पुस्तकांपेक्षा मोलाचा वाटतो. वजन किती टाकणार? कारण लिफ्ट खरोखर शहाणपणाचा ठरतो अशी पहिली जागा तीच आहे. पुढे विंच आणि लोखंडी बंपर, टपावर तंबू, मागे पाण्याचे कॅन आणि जादा डिझेल घेऊन स्पितीला किंवा लडाखला निघणारी गाडी कंपनीच्या स्प्रिंगवर बसते. बसलेल्या गाडीला ना कोन राहतात ना चाकांना वर जायला जागा. तिला त्या वजनाच्या मापाची स्प्रिंग दिली की ती मूळ उंचीवर येते, फार तर थोडी वर. म्हणजे गेलेली उंची परत मिळते आणि शॉक ॲब्सॉर्बरला काम करायला वाव मिळतो. त्याला मी लिफ्ट म्हणत नाही, दुरुस्ती म्हणतो.

दुसरी जागा मोठ्या टायरची. याचं सगळ्यात नितळ उदाहरण आइसलँडमध्ये आहे. तिथल्या हिमनद्यांवर गाड्या ३८ आणि ४४ इंची टायरवर चालतात आणि टायरमधली हवा दोन-चार पीएसआयपर्यंत उतरवतात, म्हणजे टायर पसरून बर्फावर तरंगतो. आर्क्टिक ट्रक्स ही तिथली कंपनी हे काम वर्षानुवर्षं करते. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे: एवढा टायर बसवण्यासाठी ते गाडी गरजेपुरतीच उचलतात आणि मडगार्डच्या कडा कापून जागा करतात, म्हणजे तोल शक्य तितका खाली राहतो. आधी टायर ठरतो. लिफ्ट त्याच्या मागून येतो, आणि तोही कमीत कमी.

उंची दुसऱ्या वाटेनंही मिळते. उनिमॉग ट्रकमध्ये चाकाशी गिअरची जोडी बसवून ॲक्सलच चाकाच्या मध्याच्या वर नेलेला असतो. अमेरिकी लष्कराच्या हम्वीला चाकाजवळ असेच गिअर दिले आणि पोटाखाली सोळा इंच जागा मिळाली. पण ती उंची सांभाळण्यासाठी तिच्या बांधणाऱ्यांनी गाडी दोन मीटरच्या वर रुंद केली. उंची दिली तेव्हा त्यांनी रुंदीनं तोल परत विकत घेतला. गॅरेजमध्ये लिफ्ट लावताना रुंदीचा हा हप्ता बहुतेक कुणी भरत नाही.

मोठ्या टायरचाही हप्ता असतो. ३१ इंची टायरच्या जागी ३३ इंची बसवला तर घेर सहा टक्क्यांच्या वर वाढतो. स्पीडोमीटरवर ८० दिसतं तेव्हा गाडी ८५ वर असते. पहिला गिअर तेवढाच लांबतो, म्हणजे दगडांवरून रांगायचा वेग वाढतो, जो खरं तर कमी हवा होता. जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात. जिम्नीच्या १९५/८० आर १५ च्या जागी २१५/७५ आर १५ बसवणारे बरेच आहेत. त्यात व्यास जेमतेम दहा मिलीमीटर वाढतो, ॲक्सल पाच मिलीमीटर वर येतो, पण टायर रुंद आणि खडबडीत मिळतो. मला हा बदल मोजका आणि समजूतदार वाटतो.

आणि हवा. सह्याद्रीतल्या कुठल्याही वाटेवर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक बदल हाच. सतराशे किलोच्या गाडीत एका चाकावर सव्वाचारशे किलोच्या आसपास भार येतो. बत्तीस पीएसआयला टायरचा जमिनीला टेकणारा भाग ढोबळमानानं तळहाताएवढा असतो; हवा सोळावर आणली की तो जवळजवळ दुप्पट होतो. टायर दगडाला मिठी मारतो, वाळूत रुतत नाही, ओल्या कातळावर घसरणं कमी होतं. त्यासाठी लागतो हवा मोजायचा एक गेज आणि बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर. परत डांबरावर आल्यावर हवा पुन्हा भरायची, हे मात्र विसरून चालत नाही. कमी हवेवर वेगानं पळवलेला टायर तापून फुटतो.

विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत लिफ्टचा उपयोग जवळपास शून्य, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. ती माती पाण्यानं फुगते आणि टायरच्या खाचांत अशी भरते की चाक गुळगुळीत रूळ होऊन जातं. तिथे खोल आणि मोकळ्या खाचांचा टायर आणि मागचा लॉक होणारा डिफरन्शियल कामाला येतात. एक चाक हवेत गेलं की साधा डिफरन्शियल सगळी ताकद त्याच मोकळ्या चाकाला देतो. लॉक असला की उरलेलं चाक गाडी ओढतं. गुरखा ही गाडी पुढे-मागे दोन्ही लॉक घेऊन कारखान्यातून येते आणि थारच्या काही आवृत्त्यांत मागचा लॉक मिळतो. लिफ्टचे पैसे आणि लॉकचे पैसे यांत निवड असेल तर मी डोळे मिटून लॉक घेतो.

कायद्याचं सांगायचं तर ते छोटं आणि कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं नोंदवलेल्या मापांपासून गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडीच्या खालीही पाहतो, हेही ध्यानात असू द्या.

म्हणून तुम्ही मला विचारलंत तर माझं उत्तर असं. गाडी रिकामी चालवता, शनिवार-रविवार सह्याद्रीत जाता, एरवी रोज कामावर नेता, तर उचलू नका. टायर चांगले घ्या, हवा कमी-जास्त करायला शिका, पोटाखाली लोखंडी पत्रा लावा आणि पुढे-मागे गाडी ओढायचे मजबूत हुक आहेत ना ते तपासा. अवघड जागी उतरून चालत जाऊन वाट पाहायची सवय लावा. गाडीवर कायमचं वजन चढवलं असेल तर त्या वजनाच्या मापाची स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र घ्या.

आणि कुणाच्याही गॅरेजात जाण्याआधी घरी एक माप घ्या. गाडी सपाट फरशीवर उभी करा, टायरमध्ये नेहमीची हवा भरा. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा आणि चारही चाकांचे आकडे वहीत लिहून ठेवा. मग सहलीला नेता तेवढं सामान आणि माणसं भरून पुन्हा मोजा. दोन आकड्यांत एका बोटाचाच फरक निघाला, तर तुमच्या स्प्रिंग ठीक आहेत.